साल्हेरच्या गणतीबाहेरची रयत

सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठाणे. साल्हेरचा किल्ला याच तालुक्यात आहे आणि फेब्रुवारी 1672 मध्ये त्याच्या परिसरात मोगल व मराठे यांच्यात मोठी लढाई झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेचा मोड केला. सभासदाच्या बखरीत या लढाईचा हिशेब सापडतो. दोन्हीकडची मिळून दहा हजार माणसे पडली, सहा हजार घोडी आणि सव्वाशे हत्ती हाती आले. कामी आलेल्या सूर्यराव काकड्यांचे नाव बखर आवर्जून घेते. जखमी होऊन कैद झालेल्या मोगल सरदारांना पुढे सन्मानाने सोडून दिले, हेही इतिहासात नमूद आहे. या साऱ्या हिशेबात साल्हेरभोवतालच्या गावांतला कुणबी किंवा कोकणा कुठेच नाही. पळत्या फौजेखाली कोण सापडले, कोणाचा हात गेला, याची गणती झाली नाही. हा बखरकाराचा विसराळूपणा म्हणून सोडून देता येणार नाही. जखमेची भरपाई देण्याची जबाबदारी कोणीतरी घेतो, तेव्हाच ती कागदावर येते. आणि रयतेच्या जखमेचे देणे त्या काळी कोणाच्याच खाती नव्हते.

जखमा मोजायची रीतच नव्हती, असे मात्र नाही. अफजलखानाच्या पारिपत्यानंतर जखमी लोकांना जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिल्याचे सभासदच सांगतो. जखमेची प्रत ठरवून मोबदला ठरवणे म्हणजे एका अर्थी वर्गीकरणच. पेशवाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी, म्हणजे संगोपनासाठी नेमणूक, मिळे. हे सगळे चाकरीला बांधलेले होते. ज्याचे नाव हजेरीत, त्याची जखम दफ्तरात. शेतकऱ्याच्या वाट्याला गावचा वैद्य आणि घरचा झाडपाला.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की शिवाजी महाराजांना रयतेची काळजी होती. ती होतीच. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी रयतेच्या धान्याला आणि गवताच्या काडीलाही हात लावू नका, अशी सक्त ताकीद दिली. परंतु ही ताकीद इजा होऊ नये म्हणून होती. इजा झालीच तर उपचाराचा खर्च कोणी करायचा, हा वेगळा प्रश्न उरतो. दुसरा आक्षेप असा की शिपाई आणि शेतकरी यांतली रेघच पुसट होती. पावसाळ्यात नांगर धरणारा दसऱ्यानंतर मोहिमेवर निघे. हे खरे आहे, आणि त्यामुळेच मुद्दा अधिक ठळक होतो. त्याच माणसाला मोहिमेवर जखम झाली तर होन मिळण्याची शक्यता, शेतात झाली तर काही नाही. जखम तीच, नोंद मात्र तो कोणाच्या कामावर होता यावर अवलंबून.

विसाव्या शतकात विमाने शहरांवर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा नागरिकांच्या जखमांचे हे देणे सरकारांना मानावे लागले. हिंदुस्थान सरकारने 1941 मध्ये युद्धातील इजांविषयी अध्यादेश काढला. अशा कायद्यांतली व्याख्या शत्रूच्या हल्ल्याभोवती किंवा त्याच्या प्रतिकाराभोवती फिरे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरचा दारूगोळा आगीने उडाला. शेकडो माणसे मेली, हजारोंनी जखमी झाली. दारूगोळा युद्धासाठीच आणलेला, पण शत्रूचा हात नाही. मग ही इजा युद्धातली की अपघातातली? मृत्यू, इजा आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या भरपाईसाठी सरकारने त्या स्फोटापुरता स्वतंत्र अध्यादेश काढला. असलेल्या चौकटीत न बसणारी जखम किती अडचणीची असते, हे त्यावरून कळते.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, जखम कुठे नोंदवायची याचे उत्तर अर्धेच मिळते. तिथे एक संकेतांक जखम कोणती ते सांगतो, दुसरा ती कशाने झाली ते. युद्धातल्या कारवायांसाठी ‘वाय 36’ आहे आणि त्यात सैनिक व नागरिक दोघेही येतात. लढाई थांबल्यावर मागे राहिलेल्या सुरुंगांनी होणाऱ्या इजांसाठीही त्यात जागा आहे. मूळ आवृत्तीत सैनिक आणि नागरिक वेगळे पडत नाहीत; अमेरिकेने आपल्या सुधारित आवृत्तीत तो फरक केला. डॉक्टर म्हणतील, रक्त थांबवताना संकेतांक कोण पाहतो? पाहूही नये. पण रुग्ण घरी गेल्यावर कृत्रिम पाय, पुन्हा शस्त्रक्रिया, भरपाई आणि पुढच्या वर्षीची तरतूद या सगळ्या गोष्टी केसपेपरवर काय लिहिले यावर ठरतात. कारण लिहिलेच नाही, तर युद्धातली इजा साध्या अपघातात मिसळून जाते आणि तिचे देणेही.

नोंद झाली म्हणजे न्याय झाला, असे नाही. संकेतांक औषध देत नाही, आणि नागरिकांचे आकडे दडवणारी सरकारे आजही आहेत. पण जे मोजलेच नाही त्याचा जाब कोणाला विचारणार? जुलै 2025 मध्ये साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याचा इतिहास आता जगाला सांगताना घोडी आणि हत्तींच्या आकड्यांबरोबर बागलाणच्या रयतेची गणती झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या रुग्णालयांच्या नोंदींत जखमी नागरिक होता की सैनिक, याचा रकाना असावा, या मागणीला याहून जुना पुरावा शोधायला नको.