पोकर स्पर्धा : भक्कम पत्त्यांचे मोल कसे वसूल होते?

पोकरमध्ये उत्तम पत्ते हाती येणे हा नशिबाचा भाग असला, तरी त्यांतून जास्तीत जास्त चिप्स मिळवणे हे कौशल्याचे काम मानले जाते. भक्कम पत्ते क्वचितच येतात. स्पर्धेत सक्तीच्या पैजांची रक्कम ठरावीक वेळाने वाढत असल्याने अशी एक संधी वाया घालवणेही महागात पडते.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे लास व्हेगास येथील १९८८च्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'चा अखेरचा डाव. जॉनी चॅन यांच्याकडे किलवरचे गुलाम व नव्वी, तर एरिक सायडेल यांच्याकडे किलवर राणी आणि बदाम सत्ती होती. टेबलावर राणी, दश्शी व अठ्ठी उघडताच चॅन यांचा पाच पत्त्यांचा क्रम पूर्ण झाला. त्या क्षणी त्याहून वरचढ हात शक्यच नव्हता. तरीही त्यांनी जोर दाखवला नाही. राणीच्या जोडीवर विसंबून सायडेल यांनी अखेर सर्व चिप्स पणाला लावल्या आणि चॅन सलग दुसऱ्यांदा विजेते ठरले. 'राउंडर्स' (१९९८) या चित्रपटातही हा डाव दिसतो.

मात्र हा सापळा प्रतिस्पर्धी आक्रमक असेल तरच यशस्वी होतो. समोरचा सावध असेल, तर स्वतःच पैज लावणे श्रेयस्कर ठरते.

पैजेचे गणित

पॉटमध्ये १०० चिप्स आहेत, असे समजा. तिन्ही फेऱ्यांत पॉटइतकी पैज लावली व ती स्वीकारली गेली, तर १००, ३०० आणि ९०० अशा एकूण १,३०० चिप्स प्रतिस्पर्ध्याकडून मिळतात. पहिली फेरी गप्प राहून काढल्यास हीच मिळकत ४०० वर येते. प्रत्येक वेळी अर्ध्या पॉटची पैज लावल्यास ५०, १०० व २०० मिळून केवळ ३५० चिप्स हाती लागतात. पैज किती मोठी असावी, हे आपल्या पत्त्यांवर नव्हे, तर समोरचा खेळाडू कोणत्या पत्त्यांवर किती रक्कम स्वीकारील यावर ठरवावे लागते.

स्पर्धेचे वेगळेपण

स्पर्धेत चिप्स दुप्पट झाल्या म्हणून अपेक्षित बक्षीस दुप्पट होत नाही. चिप्स संपल्या की खेळाडू मात्र बाद होतो. त्यामुळे बक्षीसपात्र क्रमांक जवळ आल्यावर मध्यम पत्त्यांचे खेळाडू माघार घेतात. अशा वेळी लहान पैज अधिक फलदायी ठरू शकते. उलट, ज्याच्याकडे मोजक्याच चिप्स उरल्या आहेत, तो सर्वस्व पणाला लावण्यास तयार असतो.

भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. हे गणित समजून घेताना त्याचेही भान आवश्यक आहे.