निळीचा माग

थोरल्या आपाला घेऊन मी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. चार तास बसायचं. शेजारच्या खाटांवर अंबडची, परतूरची, भोकरदनची माणसं असतात. विचारलं की बहुतेकांचं एकच उत्तर : ‘आधी शुगर, मग किडनी.’ तिथं बसल्या बसल्या मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात मला चक्क नीळ भेटली.

लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी पाहिलं होतं. ‘मधुमेह’ हे नावच त्याची साक्ष आहे. मधुमेहानं मूत्रपिंडात होणाऱ्या गाठींचं वर्णन मात्र १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी केलं. आतड्याचा धागा त्याहून जुना. १८६६ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ बायर यांनी निळीच्या अभ्यासातून ‘इंडोल’ मिळवला. नावात इंडिगो, म्हणजे आपल्याच मुलखाची नीळ!

हाच इंडोल आपल्या आतड्यातले जिवाणू डाळी-मांसातल्या प्रथिनांपासून बनवतात. यकृतात त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं. धडधाकट मूत्रपिंड ते मुकाट्यानं बाहेर टाकतं. थकलेल्याला ते जमत नाही. मग ते रक्तात साठतं आणि उरल्यासुरल्या मूत्रपिंडालाच इजा करतं. रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसत असल्यामुळे डायलिसिसच्या यंत्रातूनही ते नीट गाळलं जात नाही.

जपानमध्ये १९९१ पासून यावर कोळशाचं औषध आहे. ते ही द्रव्यं पोटातच धरून ठेवतं. पण अनेक देशांत घेतलेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ साली आले, तेव्हा त्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी जिवाणूंमुळे तयार होणाऱ्या फिनाइल सल्फेटकडे बोट दाखवलं. मधुमेही उंदरांत जिवाणूंचं ते काम रोखलं, तर लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं. उंदरांत, बरं का. बाजारात ‘पोट साफ, किडनी साफ’ म्हणून पुड्या विकणारे एवढंच सांगायचं विसरतात.

जिवाणूंना चोथा मिळाला, तर ते प्रथिनांच्या मागे कमी लागतात, असं शास्त्र सांगतं. हे वाचलं आणि आमच्या घरातली ज्वारीची भाकरी आठवली. ती ताटातून कधी उठली, याची नोंद कुणीच ठेवली नाही.

आपाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘इतिहास राहू दे रे. भाकरी चालते का, ते विचार.’

विचारलं. आहारतज्ज्ञ बाईंनी रक्ताचा ताजा अहवाल मागितला आहे. मंगळवारी दाखवायचा आहे.