स्वस्त डब्याचं कुलूप

साठवलेले सिनेमे टीव्हीवर बघायला स्वस्तात कुठला डबा घेऊ, असं मित्र विचारतात. मी आधी इतिहास ऐकवतो :-)

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला, ३५ डॉलरला. मूळचा एक्सबॉक्ससाठी लिहिलेला एक्सबीएमसी (२०१४ पासून कोडी) त्यावर टाकला की प्लेअर तयार. एच.२६४चे सिनेमे मस्त चालायचे. डीव्हीडीवरून उतरवलेलं एमपेग-२ मात्र अडखळायचं. चिपमध्ये सोय होती, पण किंमत कमी ठेवायला परवाना घेतला नव्हता. म्हणजे कुलूप! त्याच वर्षी २.४० पौंडांना किल्ली विकायला आली. २०२३ च्या पाय ५ मधून तर एच.२६४चं हार्डवेअर डिकोडिंगच गेलं. ते काम आता प्रोसेसर करतो.

म्हणून किंमत बघण्याआधी आपल्या फाइलींचे फॉरमॅट बघा. सिनेमा पुन्हा मिळेल, ताईच्या लग्नाची डीव्हीडी कुठून आणणार?