विलीनीकरणापूर्वीची खेळी : महिला क्रिकेटची 33 वर्षे

1973 सालच्या एप्रिल महिन्यात पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा भरली. संघ अवघे तीन होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा संघांची संख्या आठ झाली आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत ती चौदावर पोहोचली. इतक्या थोड्या अवधीत झालेली ही वाढ शासनाच्या योजनेतून आली नव्हती, की धनिकांच्या आश्रयातूनही नव्हे. तिच्यामागे ‘विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया’ ही नव्याने नोंदवलेली संस्था होती. 2006 मध्ये ती भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. आज तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. ज्या संस्थेने एक खेळ उभा केला, तिच्या कार्याचा आणि अंताचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

संस्थेची नोंदणी लखनौला झाली. महेंद्रकुमार शर्मा हे तिचे संस्थापक सचिव आणि बेगम हमीदा हबीबुल्ला या अध्यक्षा. कऱ्हाडच्या प्रेमलाताई चव्हाण यांचाही आरंभीच्या धुरिणांत समावेश होता. संस्थेच्या आधीही काही प्रयत्न झाले होते. मुंबईत आलू बमजी यांनी 1969 मध्ये ‘अल्बीज’ हा महिलांचा क्रिकेट क्लब काढला होता. पण अशा सुट्या प्रयत्नांना देशव्यापी स्पर्धेचे रूप नव्हते. ते संस्थेने दिले. 1974 मध्ये कानपूरला विभागीय संघांसाठी राणी झाशी करंडक सुरू झाला. पुढे पंधरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलींच्या स्पर्धा आल्या आणि इंदिरा प्रियदर्शिनी करंडक आला. शाळकरी मुलीला राज्याच्या संघापर्यंत आणि तिथून देशाच्या संघापर्यंत नेणारी एक शिडी अशा रीतीने तयार झाली.

या शिडीचा उपयोग लगेच दिसून आला. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचविशीच्या आतील महिलांचा संघ भारतात आला आणि पुणे, दिल्ली व कलकत्ता येथे सामने खेळला. तिन्ही सामन्यांत भारताच्या कर्णधार निरनिराळ्या होत्या. पुण्यात हा मान उज्ज्वला निकम यांना मिळाला. 1976 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूर येथे भारतीय महिला पहिला अधिकृत कसोटी सामना खेळल्या. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांनी पदार्पणाच्या पहिल्याच डावात पाच बळी घेतले. त्याच मालिकेत, नोव्हेंबरमध्ये पाटण्याच्या मोइनुल हक स्टेडियमवर शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला विजय मिळवला. पहिल्या स्पर्धेनंतर चार वर्षेही लोटली नव्हती. 1978 मध्ये तर याच संस्थेने महिलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरवली.

हे सारे कोणत्या बळावर घडले? पैसा नव्हता. खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून लांबचे प्रवास करीत, शाळांच्या किंवा वसतिगृहांच्या दालनांत जमिनीवर झोपत आणि एकमेकींच्या बॅटी व पॅड वापरून खेळत. या आठवणी त्या पिढीतील अनेकींनी जाहीरपणे सांगितल्या आहेत. सामन्याचे मानधन ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे महिला खेळाडूंना नोकरी देण्याचे रेल्वेचे धोरण निर्णायक ठरले. डायना एडलजी यांनी त्यासाठी खटपट केली. नोकरी, सरावासाठी रजा आणि प्रवासाचा पास या तीन गोष्टींनी कितीतरी मुलींचे खेळातील आयुष्य वाढवले. रेल्वेचा संघ पुढे दीर्घकाळ देशांतर्गत स्पर्धांत वरचढ राहिला, त्याचे कारणही हेच होय.

आपल्या भागाची गोष्ट थोडी निराळी आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर, लोधीखेडा आणि पांढुर्णा यांची बोली नागपूरशी जुळलेली राहिली. खेळाची कागदपत्रे मात्र भोपाळ-इंदूरकडे गेली. म्हणजे इथली मुलगी मराठीत खेळली, तरी तिचा संघ मध्य प्रदेशाचाच ठरणार. त्या प्रदेशानेही महिला क्रिकेटला मोठे नाव दिले. इंदूरच्या संध्या अग्रवाल यांनी 1986 मध्ये वूस्टर येथे इंग्लंडविरुद्ध 190 धावा केल्या. बेटी स्नोबॉल यांचा 189 धावांचा जागतिक विक्रम त्या खेळीने मागे पडला, आणि तो अर्धशतक टिकलेला विक्रम होता. ही कामगिरी मंडळाच्या काळातली नव्हे, संस्थेच्या काळातली आहे.

संस्थेचा सारा काळ असा उजळ होता असे मात्र म्हणता येणार नाही. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर 1991 पर्यंत भारतीय महिला एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या नाहीत. 1988 च्या विश्वचषकालाही संघ गेला नाही. ऐन बहरातील खेळाडूंची ती वर्षे वाया गेली. पैशाची ओढाताण आणि कारभारातील उणिवा यांचा हा परिणाम होता. तरीही 1997 मध्ये पुन्हा भारतात विश्वचषक भरला आणि त्याचा अंतिम सामना ईडन गार्डन्सवर झाला. 2005 मध्ये मिताली राज यांचा संघ दक्षिण आफ्रिकेत अंतिम फेरीत पोहोचला. त्याच वर्षी महिलांची जागतिक परिषद आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद एक झाल्या. राष्ट्रीय पातळीवरील विलीनीकरण त्यानंतर अटळच होते. त्या वेळी संस्थेच्या सचिव शुभांगी कुलकर्णी होत्या. पहिल्या कसोटीत खेळलेल्या खेळाडूनेच संस्थेचा कारभार मंडळाच्या हवाली करावा, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विलीनीकरणाने मैदाने दिली, प्रशिक्षक दिले, विमानप्रवास दिला. हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 1976 ते 2006 या तीस वर्षांत, तुटपुंज्या साधनांनिशी, भारतीय महिला 34 कसोटी सामने खेळल्या. त्यानंतर 2014 पर्यंत एकही नाही. 2014 मध्ये दोन आणि पुढला थेट 2021 मध्ये. जगभरच आखूड सामन्यांकडे कल वळला होता हे खरे. पण जगातील सर्वांत धनाढ्य मंडळाला ते कारण पुरेसे नव्हते. दुसरी हानी निर्णयाच्या अधिकाराची. जुनी संस्था गरीब असली तरी तिचे निर्णय महिला घेत होत्या. मंडळाच्या सर्वोच्च कारभारात माजी महिला खेळाडूचा आवाज ऐकू येण्यास 2017 साल उजाडावे लागले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीत डायना एडलजी आल्या. पुढे 2022 मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांच्या बरोबरीचे झाले आणि 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती, तशी छतरपूर जिल्ह्यातील घुवाऱ्याची क्रांती गौडही होती. या विजयाला इतिहासाची सुरुवात म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. सुरुवात त्याआधी 52 वर्षांपूर्वी, तीन संघांच्या स्पर्धेत झाली होती.

कसोटीपटूंची नावे नोंदलेली आहेत. राज्याच्या संघापुढे न गेलेल्या शेकडो खेळाडूंची धावफलके मात्र तुटक स्वरूपात उरली आहेत, आणि संस्थाच नाहीशी झाल्यावर तिचे दप्तर सांभाळण्याचा वारसाही कोणाकडे राहत नाही. सत्तरीच्या दशकात खेळलेल्या त्या मुली आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्याकडील कात्रणे, छायाचित्रे, धावसंख्येच्या वह्या अजून कपाटांत असतील. खेळाच्या मोठ्या संस्थांना अशा शोधाची सवड नसते. गावोगावच्या ग्रंथालयांना आणि साहित्यसंस्थांना ती असते, आणि या कामाला यापुढे फार वर्षे हाती नाहीत.