काडतुसाचा दाब आणि धरणारा हात



आजच्या विषयाचे नाव ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. शिकारीची एकबारी पिस्तुले, मोठ्या तोंडाची काडतुसे आणि त्यांच्या दाबाची मर्यादा, यांच्याशी कामगार चळवळीतल्या माणसाचा संबंध काय? आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. शिरूर तालुक्यातले रांजणगाव आणि दौंड तालुक्यातले कुरकुंभ येथील कामगारांत वावरताना ‘दाब’ या शब्दाशी आमची रोज गाठ पडते. या शब्दाचा मागोवा घेऊ लागलो, तो बंदुकीपाशी येऊन पोहोचलो.

आरंभ शिरूरपासूनच करू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. त्या काळच्या शिपायाच्या खांद्यावर चापाला गारगोटी लावलेली बंदूक असे. तिच्या नळीचे तोंड सुमारे पाऊण इंच. कागदी पुडी दाताने फोडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची आणि एक बार काढायचा. दुसऱ्या बारासाठी पुन्हा सारे पहिल्यापासून. त्या पुडीला आपण काडतूस म्हणतो. शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि आपल्याकडे कायमचा राहिला.

काळ्या दारूच्या त्या जमान्यात मारा जबर हवा असेल तर गोळी मोठी करीत. शिकारीतही तोच न्याय. हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जाणारे साहेब हौद्यात आखूड, जाड नळीचे पिस्तूल ठेवीत. जखमी वाघ हत्तीवर चढला, तर शेवटचा उपाय म्हणून ते असे. काही पिस्तुले एकनळी, बरीचशी दुनळी. त्यांपैकी काही तर लष्करातल्या स्नायडर रायफलीचेच ०.५७७ इंची काडतूस घेत. आमच्या घोड आणि भीमा नद्यांमधल्या माळावर त्या पिस्तुलाला काम नव्हते. येथे चिंकारा आणि काळवीट, म्हणजे शिकार लांबूनच. शिवाय १८७८ च्या हत्यार कायद्याने येथल्या माणसाला परवाना लागे आणि युरोपियनांना त्यातून सूट होती.

आता दाबाचे गणित पाहू. ते अवघड नाही. दारू पेटली की वायू गोळीला पुढे ढकलतो, हे सर्वांना दिसते. तोच वायू नळीच्या भिंतींना रेटतो आणि नळी मागून बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्यालाही रेटतो, हे मात्र दिसत नाही. काडतुसाच्या तळाचा व्यास दुप्पट केला, तर दाब तोच असूनही मागचा रेटा चौपट होतो, कारण क्षेत्रफळ चौपट झालेले असते. त्या ठोकळ्याच्या मागे धरणाऱ्याचा हात असतो आणि त्याचे तोंडही. म्हणून नुसते तोंड मोजून काडतुसाची पारख होत नाही. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू नोबल यांनी तोफेत तांब्याची कांडी बसवून ती किती चेपते यावरून दाब मोजण्याची रीत रूढ केली. असे मोजमाप नव्हते तेव्हा फुटलेली नळी हीच साक्ष असे.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुढे १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट शोधून काढले आणि सारा हिशेबच पालटला. थ्री-नॉट-थ्रीचे तोंड लहान, पण दाब काळ्या दारूच्या काडतुसांहून कितीतरी अधिक. याच रायफलीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रजी अमलात पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलींची नळी मोठी करून ०.४१० इंचाच्या मस्केटी बनविल्या. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या. तोंड वाढले, जोर मात्र घटला. राज्यकर्त्यांना आपल्याच शिपायाचा भरवसा नसला, म्हणजे मर्यादा पोलाद ठरवीत नाही, भीती ठरविते.

त्याच इशापूरला १९६२ च्या चीनयुद्धानंतरच्या काळात त्याच जातीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या, अधिक दाबाच्या काडतुसासाठी बनविली. त्या वेळी जुने पोलाद चालणार नाही हे ओळखून अधिक मजबूत पोलाद वापरले. दाब वाढवायचा तर आधी पोलाद बदलावे लागते.

शिकारीच्या पिस्तुलाने अमेरिकेत पुन्हा जन्म घेतला. १९६७ साली वॉरन सेंटर यांच्या रचनेचे ‘काँटेंडर’ हे नळी बदलता येणारे एकबारी पिस्तूल न्यू हॅम्पशायरमध्ये निघाले. त्याला १८७३ सालच्या ‘पंचेचाळीस-सत्तर’ या जाडजूड काडतुसाची नळी लागते, पण बारीक गोळीचे ‘तीनशे आठ’ त्याला झेपत नाही. कारण पंचेचाळीस-सत्तरची मर्यादा चौरस इंचाला २८,००० पौंड, तर तीनशे आठची ६२,०००. दोहोंचे तळ मात्र जवळपास सारखे. तीनशे आठसाठी त्याच कंपनीला पुढे अधिक भक्कम ‘एनकोर’ काढावे लागले.

पंचेचाळीस-सत्तरची मर्यादा इतकी खाली का? आजचे पोलाद यापेक्षा पुष्कळ सोसते. परंतु ते काडतूस काळ्या दारूच्या जुन्या रायफलींसाठी निघाले आणि त्या रायफली अजून लोकांच्या घरी आहेत. दुकानातले काडतूस कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. म्हणून मर्यादा सर्वांत कच्च्या बंदुकीला सोसेल अशी ठेवली. या साऱ्या इतिहासात आम्हाला शहाणपणाची वाटली ती हीच गोष्ट.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची परवानेदार शिकारही संपली. दौंडशेजारी सुप्याच्या अभयारण्यात चिंकारा आता निवांत चरतो. दाब मात्र संपलेला नाही. एका कारखान्यात, नाव घेत नाही, दाबाच्या घड्याळावरची तांबडी रेघ ओलांडून काम चालविण्याचा तोंडी हुकूम होता. आम्ही तो लेखी मागितला, मिळाला नाही. त्याच दिवशी काम थांबवायला हवे होते. आम्ही थांबविले नाही, हा आमचा दोष. आठवड्याने झाकण उडाले आणि एका फिटरचा उजवा हात भाजला. चौकशीत शेरा पडला, कामगाराचा निष्काळजीपणा. त्या झाकणाचे पोलाद किती जुने होते, हे कोणी विचारले नाही.

तेव्हापासून कोठल्याही यंत्रापाशी गेलो की आम्ही दोन गोष्टी विचारतो. येथली मर्यादा किती, आणि ती कोणाला सोसेल म्हणून ठरविली? आपली मुलेबाळे ज्या कारखान्यांत जातात, तेथे आपणही हेच विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.