‘बॉर्डरलाइन’ निदानाची वाटचाल

मज्जाविकृती म्हणावी तर तिचे उपचार लागू पडत नाहीत, चित्तविकृती म्हणावी तर वास्तवाचे भान शाबूत आहे, अशा रुग्णांवर न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये निबंध लिहिला. दोन आजारांच्या हद्दीवरचे म्हणून या गटाला ‘बॉर्डरलाइन’ म्हटले गेले. छोट्याशा दुखावण्याने कोलमडून पडणे याला स्टर्न यांनी ‘मानसिक रक्तस्राव’ म्हटले. निरीक्षण अचूक होते. पण पुढची तीसेक वर्षे हे नाव, कुठेच न बसणाऱ्या रुग्णांसाठीची अडगळीची खोली बनून राहिले.

त्याला आशय दिला ऑटो कर्नबर्ग यांनी. १९६७ च्या लेखात त्यांनी या व्यक्तिमत्त्वाची स्वतंत्र घडण मांडली. तिच्या मुळाशी विस्कटलेली स्व-ओळख असते, हे त्यांचे प्रतिपादन. एरिक एरिक्सन यांनी ही कल्पना किशोरवयाच्या संदर्भात आधीच मांडली होती. आपण कोण, आपल्याला काय हवे याचे चित्र स्थिर नसले की समोरची माणसेही एक तर देव वाटतात, नाही तर वैरी. सकाळचा देव संध्याकाळी वैरी होतो. १९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी विखुरलेले लेखन चाळून ठळक लक्षणे निवडली. १९८० मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराला जागा मिळाली : आठ लक्षणे, त्यांपैकी किमान पाच आवश्यक. १९९४ मध्ये नववे लक्षण जोडले गेले.

निदान ठरले, तरी रुग्णांच्या वाट्याला अविश्वासच आला. ‘हट्टी’, ‘लक्ष वेधून घेणारे’ हे शिक्के दवाखान्यांतही बसत, आणि हा त्यांच्यावर झालेला मोठा अन्याय होता. तो मोडायला सुरुवात केली मार्शा लिनेहान यांनी. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये दाखल होत्या. तिथे त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान आणि विजेचे झटके मिळाले. हे त्यांनी २०११ मध्ये त्याच संस्थेत जाहीरपणे सांगितले. त्यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली : स्वतःला इजा करण्याचे प्रकार आणि रुग्णालयातले दिवस, दोन्ही कमी झाले.

या पद्धतीत नात्यांतल्या मर्यादा उपदेशाने नव्हे, सरावाने शिकवल्या जातात. मागणी कशी करावी, नकार कसा द्यावा, तो देताना नाते आणि स्वाभिमान कसे सांभाळावेत, याची गटात तालीम होते. अडचणीच्या वेळी रुग्ण उपचारकाला फोन करू शकतो. मात्र स्वतःला इजा केल्यानंतर २४ तास, जीव धोक्यात नसेल तर, असा फोन मिळत नाही. मदत इजा होण्याआधी मागितली जावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याला किती झेपते हे उपचारकानेही मोकळेपणाने सांगायचे असते. मर्यादा रुग्णाची चूक म्हणून नव्हे, स्वतःची गरज म्हणून सांगण्याची ही रीत या उपचाराची खरी देणगी आहे.

हा विकार बरा होत नाही, हा समजही टिकला नाही. मेरी झानारिनी यांनी मॅक्लीन रुग्णालयात १९९२ पासून २९० रुग्णांचा मागोवा घेतला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली आढळली. नोकरी आणि नाती यांची घडी बसणे मात्र सुमारे निम्म्यांनाच जमले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने प्रकार काढून सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या ठेवल्या आहेत. ‘बॉर्डरलाइन’ आता त्यांना जोडायचे एक वर्णन म्हणून उरले आहे.