आराम, आरामिक आणि मांजरीची द्राक्षबाग

पाली वाङ्मयातील ‘आराम’ या शब्दाचा अर्थ आपल्या नित्याच्या बोलण्यातील फारसी ‘आरामा’हून निराळा आहे. पालीत आराम म्हणजे उपवन, बाग. राजा बिंबिसाराने भिक्खुसंघास वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले. या दानांची वर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु दान एका दिवसाचे असते आणि बाग बारा महिन्यांची. ती ऋतूगणिक राखली कोणी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

भिक्खूंनी ती राखली असणे शक्य नाही. पाचित्तिय नियमांपैकी १० वा नियम जमीन खणण्यास व खणविण्यास मनाई करतो, तर ११ वा वनस्पती तोडण्यास. खणल्यावाचून आणि छाटल्यावाचून बाग होत नाही. तेव्हा हे काम दुसऱ्या हातांकडे जाणे अटळ होते. विनयपिटकातील महावग्गात त्या हातांना नाव आहे : आरामिक. राजगृहाजवळ पिलिंदवच्छ थेर लेण्यासाठी डोंगरउतार साफ करून घेत होते. (पालीतील ‘लेण’ म्हणजेच आपले लेणे.) ते पाहून बिंबिसाराने आरामिक देऊ केला. भगवंतांनी अनुज्ञा दिली. राजा मात्र दिलेले वचन विसरला. आठवण झाली तेव्हा अमात्याने मध्ये ५०० रात्री गेल्याचे सांगितले आणि राजाने ५०० आरामिक दिले. त्यांचे एक स्वतंत्र गावच वसले.

ही कथा राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. आपण ती अधिक बारकाईने वाचली पाहिजे. ५०० माणसे ‘दिली’. त्यांची संमती घेतल्याचे कथेत कोठेही नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्त तर दास-दासींचा स्वीकार वर्ज्य मानते. पुढे अट्ठकथेने त्यातून वाट काढली : ‘दास देतो’ असे म्हणून दिलेला माणूस स्वीकारू नये, ‘आरामिक देतो’ असे म्हटल्यास चालेल. शब्द बदलला, त्या माणसाची स्थिती बदलली की नाही, याविषयी अट्ठकथा मौन पाळते. सुत्ताचे वचन आणि अट्ठकथेची ही पळवाट यांत आपण कोणाच्या बाजूस उभे राहावयाचे, हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील पुरावा दगडावर कोरलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत आंबा, जांभूळ, करंज यांच्या संदर्भाने निवर्तनांत मोजलेली जमीन दान दिलेली आढळते. आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाशी निगडित २० आणि वडाशी निगडित ९ निवर्तने दिल्याची नोंद आहे. दात्याचे नाव, गाव, झाड, जमिनीचे माप, सारे काही आहे. आळे करणारा मात्र नाही.

त्याच्या वर्षाचे स्वरूप कसे असते, हे जाणण्यासाठी आजची बाग पाहावी लागते. पुणे जिल्ह्यातच, शहराच्या पूर्वेस मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. द्राक्ष संघालाही अपरिचित नव्हते : महावग्गाने अनुमत केलेल्या आठ पेयांत मुद्दिकापान, म्हणजे द्राक्षांचा रस, येते.

थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, ती विश्रांती घेते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. दख्खनच्या उष्ण हवेत तिला अशी विश्रांती नाही. म्हणून येथे दोन छाटण्या आणि पीक एक. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावर एक-दोन डोळे राखून जुनी काडी काढतात. ऐन उन्हात नवी काडी फुटते आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांत तिच्या डोळ्यांमध्ये पुढील हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने घडतो. तो डोळ्यांस दिसत नाही. या दिवसांत दाटी झाली, काडीवर ऊन पडले नाही, तर चूक कळते ती ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, फूट वांझ निघाल्यावर. पावसाळाभर केवडा आणि भुरी यांच्याशी झुंज. ऑक्टोबरात काडी किती डोळ्यांवर कापावयाची, हे छाटणाऱ्याने प्रत्येक वेलीपाशी ठरवावयाचे. मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून रसायनाचा लेप. ते विषारी असल्याने हातमोजे अत्यावश्यक, आणि ते प्रत्येकाच्या हाती असतातच असे नाही. पुढे मण्यांची विरळणी. हात वर करून, कात्रीने एकेक मणी काढण्याचे हे मान मोडणारे काम बहुधा स्त्रिया करतात. फेब्रुवारी ते एप्रिल काढणी, की पुन्हा खरड छाटणी.

या कामास अकुशल मजुरी म्हणणे हा भाषेचा अन्याय आहे. नाशिककडे पेठ-सुरगाण्याचे आदिवासी टोळ्यांनी येतात, एकरावर मजुरी ठरवितात आणि हंगाम सरला की परततात. मांजरीच्या केंद्राने विकसित केलेल्या वाणांना गावाचे नाव मिळाले आहे : ‘मांजरी नवीन’ खाण्यासाठी, ‘मांजरी मेडिका’ रसासाठी. त्यांच्याही काडीवर किती डोळे राखावयाचे, हे ऑक्टोबरात वेलीखाली उभा असलेला तोच माणूस ठरवितो.